अमेरिकेहून आलेला कॅल्क्युलेटर

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. अमेरिकेतल्या मामाने तिला टीआय-८४ ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिला, पण सर वर्गात तो काढूच देत नाहीत. हा हटवादीपणा नाही का?
– एक पालक, घाटकोपर

उत्तर : सरांचाही नाइलाज आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. सीईटी आणि जेईई मेनलाही नाही. आयबी अभ्यासक्रमाच्या मुलांना तो लागतो खरा, पण त्यांच्या गणितातल्या ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’चा पहिला पेपर त्याच्याविनाच असतो. तेव्हा बाकाखाली लपवून वापरायला सांगू नका.

घरी मात्र बिनधास्त वापरू द्या. आधी वहीत, मग यंत्रावर. ‘वाय बरोबर एक्सचा वर्ग’ हा पॅराबोला आणि ‘वाय बरोबर एक्स’ ही रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ तिने इंटिग्रेशनने काढावं. उत्तर १/६. यंत्र ०.१६६६… दाखवेल आणि आकृतीही काढेल. मार्क मिळतात ते मधल्या पायऱ्यांना, त्या यंत्र लिहून देत नाही. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर यंत्र बिघडलेलं नाही, रेडियनवर आहे. मोड बदलून डिग्री करा.

धाकटं भावंड असेल, तर त्याच्यासाठी मामाकडे दुसरा मागू नका. आलेख काढायला मोबाइलवरचं जिओजेब्रा पुरतं, तेही फुकट.