पाण्यातून मोटारसायकल नेताना : हवा, पिस्टन आणि दोन चमचे पाणी



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाडीवस्तीवरच्या शाळेत जाणारे आपण बरेच जण दुचाकीवर, आणि वाटेत एखादा वहाळ, मोरी किंवा सखल रस्ता असतोच. म्हणून हा विषय गॅरेजवाल्याचा तितकाच आपलाही. शिवाय सहावी-सातवीच्या वर्गात विज्ञानाच्या तासाला तो छान चालतो.

आधी प्रयोग करू. सुई काढलेली दहा मिलिलिटरची सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा दाबा. दांडा बराच आत जातो. आता तीच सिरिंज पाण्याने भरून दाबा. जागचा हलत नाही! मग अर्धी हवा, अर्धे पाणी घ्या. दांडा हवेपुरता आत सरकतो आणि पुढे अडतो. मुलांच्या हाताला जी ही ‘अडण्याची’ जाणीव होते, तीच इंजिनात होते. फक्त तिथे दाबणारा हात लोखंडी असतो.

आपल्या साध्या मोटारसायकलचं इंजिन साधारण १०० सीसीचं. पिस्टन वर येतो तेव्हा हवा-पेट्रोलचे मिश्रण साधारण दहा पटींनी दाबले जाते. म्हणजे अगदी वरच्या टोकाला उरलेली जागा किती? गणित करून बघा, सुमारे ११ मिलिलिटर. चहाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर दोन चमच्यांपेक्षा थोडे जास्त पाणी आत गेले की पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही. पाणी दबत नाही, चाकाचा वेग मागून ढकलतोय, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. मेकॅनिक याला हायड्रोलॉक म्हणतात. खर्च मोठा येतो, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर असावे लागते. आपली पॉलिसी एकदा वाचून ठेवा.

हे पाणी शिरतं कुठून? बहुतेकांना वाटतं सायलेन्सरमधून. पण इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून वायू जोराने बाहेर येत असतो. फूटभर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम तीन टक्के, तो या वायूला अडवू शकत नाही. खरी भीती एअर फिल्टरच्या तोंडाची. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर ते सेकंदाला २५ वेळा श्वास घेतं. ते तोंड पाण्याखाली गेलं की हवेऐवजी पाणी ओढलं जातं. मोटारसायकलला ते सहसा सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड, बऱ्यापैकी उंच असतं. स्कूटरला मागच्या चाकाजवळ, खाली. त्यामुळे ‘मोटारसायकल गेली म्हणजे माझी स्कूटर पण जाईल’ हा हिशेब चुकीचा. स्कूटरचा पट्टा भिजून घसरतो तो वेगळाच.

साचलेल्या, संथ पाण्यातून जाणं भागच असेल तर मर्यादा चाकाच्या आसापर्यंत. पहिला गिअर टाका, वेग चालण्याइतका ठेवा, अॅक्सिलरेटर एकसारखा धरा आणि वेग कमी करायचा असेल तर अॅक्सिलरेटर न सोडता हाफ क्लच करा. मध्येच गिअर बदलू नका. अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधला जोर ओसरतो आणि पाणी मागे येतं. उगाच गाडी रेस करत, पाणी उडवत जाण्यात शौर्य नाही. उडालेलं पाणी प्लगच्या टोपीवर आणि फिल्टरच्या तोंडाशीच जातं. एसटी किंवा ट्रक समोरून येत असेल तर थांबा, तिला जाऊ द्या. तिची लाट आसापर्यंतचं पाणी सीटपर्यंत आणते. पलीकडे पोचल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत जा, म्हणजे ते सुकतात.

आणि मध्येच बंद पडली तर? इथेच सगळ्यात जास्त इंजिनं जातात. सेल्फ मारायचा नाही, किकही नाही. चावी बंद करा, गाडी ढकलत बाहेर आणा. प्लगभोवतीचा चिखल आधी पुसा, मग प्लग काढा, चावी बंदच ठेवून हळू किक मारा. आत पाणी असेल तर प्लगच्या भोकातून पिचकारी उडते, तोंड लांब ठेवा. किक नसलेली गाडी सरळ मेकॅनिककडे न्या. एअर फिल्टर काढून बघा, भिजलेला असेल तर बदला. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ऑइल बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. भाट्ये किंवा मिऱ्याच्या बाजूला उधाणाचं खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुवा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, तेव्हा दारात उभ्या असलेल्या कितीतरी दुचाक्या चिखलात बुडाल्या. अशी गाडी बुडताना बंद असते, तिने पाणी ओढलेलं नसतं, म्हणून रॉड बहुधा शाबूत असतो. तो मोडतो पाणी उतरल्यावर ‘बघू चालू होतेय का’ म्हणून मारलेल्या सेल्फने.

हे सगळं साचलेल्या पाण्याचं झालं. वाहत्या पाण्यात यातलं काहीही लागू नाही. तिथे इंजिन सुरू राहिलं तरी प्रवाह चाकं उचलतो, आणि मागे मूल बसलेलं असतं. मोरीच्या कडेचे दगड दिसेनासे झाले, पाणी लाल झालं, की खाली रस्ता आहे का हेच कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, आणि अंधारात आलेल्या गाड्या थेट नदीत गेल्या. अशा वेळी मुख्याध्यापकांना फोन करा, शाळेच्या ग्रुपवर कळवा आणि अलीकडेच थांबा.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना घरच्या दुचाकीच्या तीन उंची जमिनीपासून मोजायला सांगा. चाकाचा आस, सायलेन्सरचं टोक आणि एअर फिल्टरचं तोंड. शेवटचं सापडत नसेल तर पालकांनी झाकण उघडून दाखवावं. वहीत तक्ता करा आणि स्कूटर व मोटारसायकल यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा.