बगळ्याचे छायाचित्र

तळ्याच्या उथळ पाण्यात बगळा निश्चल उभा असतो. त्याची दृष्टी मासोळीवर खिळलेली असते. असे दृश्य कॅमेऱ्यात टिपावे, असे कोणाला वाटणार नाही? परंतु केवळ कळ दाबल्याने उत्तम छायाचित्र मिळत नाही. त्यासाठी रचना, प्रकाश आणि संस्करण या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

प्रथम रचना पाहू. उभे राहून टिपलेल्या चित्रात बगळ्यामागे चिखल व गवत येते. खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहिले, म्हणजे दूरचा काठ पुसट होतो आणि पक्षी उठून दिसतो. बगळा ज्या दिशेला पाहत असेल, त्या बाजूस चौकटीत अधिक जागा सोडावी. म्हणजे त्याची नजर कोंडल्यासारखी वाटत नाही.

आता प्रकाशाविषयी. सभोवार काळसर पाणी असले, की दृश्य अंधारे आहे असे समजून कॅमेरा अधिक प्रकाश आत घेतो. मग शुभ्र पिसे चुन्याच्या ठिपक्यासारखी सपाट दिसतात. अशा वेळी प्रकाशाचे प्रमाण आपणच थोडे कमी करावे. उडता बगळा टिपताना कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या सुमारे १/१००० भागापुरताच उघडावा. नाहीतर पंख अस्पष्ट येतात.

संस्करण सर्वांत शेवटी येते. संगणकावर तिरके चित्र सरळ करता येते, कडेचा नको तो भाग कापता येतो, सावली थोडी उजळता येते. मात्र अतिप्रकाशाने पुसली गेलेली पिसांची नक्षी परत आणता येत नाही. आणि चोचीत नसलेला मासा तर कधीच चितारू नये!

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली, फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा रानातला नसून माणसाळलेला असावा, असे परीक्षकांचे मत पुढे झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले. तरीही २०१० साली पारितोषिक काढून घेण्यात आले. रचना सुंदर होती, प्रकाशही सुंदर होता. पण चित्रावरचा विश्वास उडाला, तेव्हा त्या सौंदर्याला मोल उरले नाही.

मुलांनो, आपल्या चाहुलीने बगळ्याने मान उंचावली, तर दोन पावले मागे सरा. आपले चित्र हुकले तरी चालेल; त्याची मासोळी हुकता कामा नये.

स्वाध्याय
१. काळसर पाण्यातील बगळा टिपताना प्रकाश कमी का करावा?
२. संस्करणात काय करावे व काय करू नये?
३. लांडग्याच्या चित्राचे पारितोषिक का काढून घेतले गेले?