नाण्याची साख : हबशाच्या सोन्याचा धडा

आजच्या इथिओपिया व एरिट्रिया या देशांच्या भूमीवर पूर्वी अक्सूम नावाचे बलाढ्य राज्य होते. अरब लोक या मुलुखाला हबशा म्हणत. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून पहिल्या मुसलमानांनी ज्या नजाशीच्या आश्रयाला हिजरत केली, तो इथलाच बादशहा. ही हकीकत वाचकांना ठाऊक आहेच. परंतु या राज्याची स्वतःची सोन्याची नाणी होती, हे थोड्यांनाच माहीत असेल. धंदेवाईकांना त्यांतून शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

इ. स. २७० नंतर एंडुबिस राजाने पहिले नाणे पाडले. वजन पाव तोळ्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे २.७ ग्रॅम. सोने ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध. वजन एवढेच का ठेवले? कारण ते त्या वेळच्या रोमन मोहोरेच्या जवळजवळ निम्मे भरत असे. अक्षरेही ग्रीक, कारण तांबड्या समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना तीच भाषा वाचता येई. चौथ्या शतकात रोमने हलकी मोहोर काढली, तेव्हा अक्सूमनेही आपले नाणे सुमारे १.६ ग्रॅमवर आणले. परक्या गिऱ्हाइकाला हिशेब सोपा जावा, हा त्यातला हेतू दिसतो.

या राज्याचे बंदर अदुलिस. तेथून हस्तिदंत व कासवाची पाठ बाहेर जाई. हिंदुस्थानातून लोखंड, पोलाद आणि सुती कापड तेथे उतरे, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासपुस्तकात आहे. इथिओपियातील देब्रे दामो येथे आपल्याकडील कुशाण राजांची शंभरावर सोन्याची नाणी सापडली, ती या जुन्या व्यवहाराची साक्षच होय.

कारागीर बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अक्सूमच्या चांदीच्या व तांब्याच्या काही नाण्यांवर राजाच्या डोक्याभोवतालच्या चिमुकल्या जागेत सोन्याचा मुलामा दिलेला असे. हलक्या किमतीच्या नाण्यावर एवढे नाजूक काम दुसऱ्या टांकसाळीत सहसा आढळत नाही.

पुढे मात्र सोन्यात भेसळ वाढत गेली. छाप तशीच राहिली, वजनही जवळपास तेच राहिले. काटा फसला, पण कसोटी फसली नाही. समुद्रावरचा व्यापारही हातून निसटत गेला आणि सातव्या शतकात सोन्याचे नाणे पाडणे बंद झाले.

अत्तर असो, चामडे असो वा जरीचे काम, माल उतरला की नावाची छाप फार दिवस तारत नाही. दुकानाची पाटी वाडवडिलांची असली, तरी आतला माल रोज आपल्यालाच शुद्ध ठेवावा लागतो.

सराफ बांधवांना जाता जाता एक सूचना. जुने नाणे हाती आले तर ते वितळवू नये व कसालाही लावू नये. ओरखड्याने त्याची किंमत घटते. आधी वजन करावे, मग जाणकाराला दाखवावे, कारण बनावट नाणीही बाजारात फिरतात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, हेही विसरू नये.