वादळात घराचं नुकसान : पंचनामा वेगळा, विम्याचा दावा वेगळा



आंबा आटोपत आला, आता पावसाळी कामं. नेहमी आपण फवारणी, खत, मोहोर यावर बोलतो. आजचा पाठ पिकाचा नाही, घराचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून गेलं. माड घरावर पडले, पत्रे उडाले, कौलं फुटली. अशा वेळी बहुतेक जण तलाठ्याची वाट बघतात, पंचनामा झाला की काम झालं असं समजतात. ज्यांच्या घराचा विमा आहे त्यांचं काम तिथे संपत नाही.

मेसेज मोठा आहे. सेव्ह करून ठेवा, घरातल्यांनाही वाचायला द्या.

*१) दोन वाटा, दोन वेगळे अर्ज*

पंचनामा ही शासनाच्या मदतीची वाट. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. राज्य शासन कधी कधी वाढीव दर जाहीर करतं. पण अर्धं छप्पर गेलं तर ६,५०० मध्ये वासे, रिपा, कौलं आणि सुताराची मजुरी भागत नाही, हे सांगायला नको.

विमा हा करार आहे. हप्ता भरला आहे, म्हणून दुरुस्तीचा खर्च अटीप्रमाणे मागायचा हक्क आहे. पण तो आपण मागावा लागतो. तलाठी विमा कंपनीला कळवत नाहीत आणि विमा कंपनी पंचनाम्याची यादी बघून घरी येत नाही. *दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करा.*

पीकविमाही वेगळा. त्यात घर, गोठा, पडवी येत नाही.

*२) आपल्या घराचा विमा आहे का? आजच बघा*

"आमचा कसला विमा?" असं म्हणणाऱ्यांनी आधी घराचं कर्ज आठवावं. गृहकर्ज देताना बँक बऱ्याचदा घराचा विमा काढून घेते आणि हप्ता कर्जखात्यातून जातो. कागद बँकेच्या फाईलमध्ये, घरात कुणालाच माहीत नाही. पासबुकात विम्याची नोंद दिसते का पाहा. शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा आणि मुदत संपली नाही ना, हे बघा. कर्ज चालू असेल तर दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते, तेही तेव्हाच विचारून घ्या.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. त्यातल्या कामाच्या गोष्टी :

• वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणे, दरड कोसळणे, आग, भूकंप यांचं नुकसान धरलं जातं.
• घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं घरगुती सामान यादी न देताही धरलेलं असतं. समजा घराचा विमा १२ लाखांचा आहे, तर सामानाला २ लाख ४० हजारांपर्यंत संरक्षण. (पॉलिसी फक्त इमारतीची घेतली असेल तर सामान नाही.)
• मलबा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो. दावा दीड लाखाचा असेल तर ३,००० रुपये.
• वादळानंतर घर उघडं पडलं आणि ७ दिवसांत त्याच कारणाने चोरी झाली, तर तीही धरली जाते. पोलिसांत मात्र लगेच कळवायला हवं.

*काय धरलं जात नाही :* जुनी झीज, वाळवीने खाल्लेले वासे, वर्षानुवर्षांची गळती. गोठा, मांगर, शेतातली खोली पॉलिसीत लिहिलेली नसेल तर ती आहेच असं धरून चालू नका. विक्रीसाठी ठेवलेल्या आंब्याच्या पेट्या, काजू बी, सुपारी हे घरगुती सामान नव्हे. गवत, बांबू, प्लास्टिक, ताडपत्रीच्या बांधकामाला कंपन्या 'कच्चं बांधकाम' म्हणतात. असा भाग घराला असेल तर प्रस्ताव अर्जात तो लिहिला आहे का, ते तपासा.

*३) वादळ थांबल्यावर, याच क्रमाने*

*आधी जीव.* मेन स्विच बंद करा. तार पडली असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणला कळवा. लोंबकळत्या छपराखाली फोटोसाठीही उभं राहू नका.

*मग फोटो, साफसफाई नंतर.* इथेच सगळ्यात जास्त दावे कमजोर होतात. आपल्याला सवय अशी की सकाळी उठून चार माणसं बोलवायची, माड तोडायचा, फुटकी कौलं परसात टाकायची आणि संध्याकाळपर्यंत आवरायचं. दोन दिवसांनी सर्व्हेअर येतो तेव्हा दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून :

• मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा.
• घराचे चारी बाजूंनी लांबून फोटो, एकात घर क्रमांकाची पाटी दिसू दे.
• पडलेलं झाड घरावर असतानाच फोटो.
• आतून छप्पर, भिजलेल्या भिंती आणि प्रत्येक खराब वस्तू वेगळी. टीव्ही-फ्रिजच्या मागचा मॉडेल नंबरही.
• एक सलग व्हिडिओ. त्यात बोलून तारीख, वेळ आणि काय झालं ते सांगा.
• त्या दिवसाच्या हवामान विभागाच्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट आणि पेपरमधली बातमी जपा.

*नुकसान वाढू देऊ नका.* ताडपत्री टाका, सामान कोरड्या जागी हलवा. हे करायलाच हवं, याने दावा बिघडत नाही. ताडपत्रीचं बिल ठेवा. पक्की दुरुस्ती मात्र पाहणीनंतर. थांबणं शक्यच नसेल तर कंपनीला मेसेज किंवा ईमेलने कळवून मगच करा आणि फुटलेली कौलं, वाकलेले पत्रे एका बाजूला रचून ठेवा.

*त्याच दिवशी कंपनीला कळवा.* पॉलिसीवरच्या टोल फ्री नंबरवर फोन करा. पॉलिसी क्रमांक, तारीख-वेळ, कारण आणि अंदाजे नुकसान सांगा. *दावा क्रमांक लिहून घ्या.* तो मिळेपर्यंत फोन ठेवू नका. दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

*तलाठ्याकडे अर्ज द्या.* पंचनाम्यात नुकसान नीट लिहिलं आहे का, ते वाचूनच सही करा आणि प्रत मागा. विम्याच्या दाव्यालाही तो चांगला पुरावा होतो.

*४) सर्व्हेअर आल्यावर*

सर्व्हेअर आपल्याकडून पैसे घेत नाही, त्याची फी कंपनी देते. स्वतः बरोबर फिरून दाखवा. सुतार-गवंड्याकडून लेखी अंदाजपत्रक आधीच घेऊन ठेवा : किती कौलं, किती वासे, किती पत्रे, मजुरी किती. 'छप्पर दुरुस्ती ९०,०००' अशी एकच ओळ लिहून देऊ नका, तिच्यावर प्रश्न येतात.

आकडा फुगवू नका. खोटी वस्तू यादीत आली तर खरा दावाही जाऊ शकतो. कोऱ्या कागदावर सही नको. ओटीपी कुणालाही नको.

विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. तारखा वहीत लिहा, म्हणजे उशीर कुठे झाला ते दाखवता येतं.

*५) कमी मिळालं किंवा नाकारलं तर*

'पूर्ण व अंतिम समाधान' असं लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका. रक्कम कशी काढली, कशापोटी किती कापलं, हे लेखी मागा. नकाराचं कारणही लेखीच घ्या.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. विमा नियामकाकडे 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार करता येते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत तिथे जायचं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालय आहे.

*आज करायची तीन कामं* ✅

१. पॉलिसी शोधा. पहिल्या पानाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. छपराबरोबर कपाटही भिजतं.
२. घर आज उभं आहे तसं आतून-बाहेरून फोटो काढा. उद्या कुणी "वासे आधीच कुजलेले होते" म्हणालं तर हेच फोटो उत्तर देतील.
३. विमा नसेल तर आत्ता चौकशी करा, वादळाचा इशारा आल्यावर नको. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका, घर पुन्हा बांधायला किती लागेल ते धरा.

ज्यांना पॉलिसी वाचून समजत नसेल त्यांनी प्रत घेऊन कंपनीच्या कार्यालयात यावं, बसून वाचू. वाडीत एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना हा मेसेज वाचून दाखवा, त्यांच्या घराचे फोटो तुमच्या मोबाईलवर काढून ठेवा.

पुढचा पाठ : पावसाआधी आंबा कलमांची आळी आणि चर.

— आपला कृषी सल्लागार