सिम्युलेशन प्रणालीची निवड : निकष व पर्याय
रचना प्रत्यक्ष उभारण्यापूर्वी गणिती प्रतिमानाद्वारे तिचे वर्तन संगणकावर तपासणे म्हणजे सिम्युलेशन. प्रणाली निवडताना प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहावे. संरचनेवरील ताणासाठी अबॅकस ही व्यापारी किंवा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने विकसित केलेली फीस्ट ही स्वदेशी प्रणाली उपयुक्त ठरते; द्रव-वायूंच्या प्रवाहासाठी २००४ पासून मुक्त असलेली ओपनफोम, तर इलेक्ट्रॉनिक परिपथांसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातील ईसिम. व्यापारी प्रणालीसोबत तांत्रिक साहाय्य मिळते. परंतु परवाना शुल्क लहान महाविद्यालयांना व उद्योगांना जड जाते. मुक्त प्रणालीत शुल्क नसले, तरी प्रशिक्षणाचा भार संस्थेवर येतो. प्रणाली कोणतीही असो, प्रयोगाशी ताडून पाहिल्याविना तिचे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत.