लॉटरी लागली तर सांगायची का? धन, मौन आणि चौथं शील



वर्षावासातल्या आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गात प्रश्नांसाठी एक डबा ठेवलेला असतो. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, एवढाच त्याचा नियम. गेल्या महिन्यात त्यातून एक चिठ्ठी निघाली: "एखाद्याला मोठी लॉटरी लागली आणि त्याने कुणालाच सांगितलं नाही, तर चौथं शील मोडतं का? आणि त्या पैशाचं त्याने काय करावं?" वर्गात हशा पिकला. "आधी लागू तर दे!" असं कुणीतरी म्हणालं, आणि चहाची वेळ झाली म्हणून विषय तिथेच राहिला.

चिठ्ठी मी वाचली होती. हशा चालू असताना कुणीतरी हसत नाहीये, असं मला जाणवलं. कोण, ते मी मुद्दामच पाहिलं नाही. प्रश्न "जर" लावून विचारला होता, तो "जर" खरा आहे की नाही हे मला माहीत नाही आणि करून घ्यायचंही नाही. पण प्रश्न हसण्यावारी जाऊ नये, म्हणून हा पाठ लिहितो आहे.

आधी तिकिटाबद्दल. पंचशीलात जुगाराचं वेगळं शील नाही, बावीस प्रतिज्ञांतही नाही. म्हणून कित्येकांना वाटतं की दोन डॉलरचं तिकीट म्हणजे गंमत. सिगालोवाद सुत्तात मात्र भगवंतांनी धनाच्या नाशाची जी सहा दारं सांगितली, त्यात जुगार आहे, आणि त्याचे सहा तोटेही मोजून दिले आहेत. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो, पैसा डोळ्यांदेखत जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र आणि सोबती तुच्छ मानतात, आणि अशा माणसाला कुणी मुलगी देत नाही. यातला पहिला तोटा हरणाऱ्याचा नाही, जिंकणाऱ्याचा आहे, हे लक्षात घ्या. पॉवरबॉलचा मोठा आकडा लागण्याची शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक आहे. दर आठवड्याला तिकीट घेणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. माझं मत विचाराल तर घेऊ नये. पण जो घेतो त्याला विहारात वेगळ्या नजरेने पाहणंही मला मान्य नाही.

आता समजा, लागली. आलेला पैसा फेकून द्या, असं मला सुत्तांत कुठे दिसत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न असतो तो धन कसं मिळवलं, कसं राखलं आणि कशासाठी वापरलं हा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात श्रीमंतांसाठी वेगळं प्रकरण घातलं, अनाथपिंडिकाशी झालेला संवाद दिला आणि दारिद्र्याचा गौरव धम्मात नाही हे स्पष्ट केलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे दारिद्र्य भोगलं त्याला पुण्य म्हणणारे लोक पुष्कळ होते. बाबासाहेब त्यांच्यात नव्हते.

दीघजाणु नावाचा एक कोलिय भगवंतांकडे आला आणि म्हणाला, आम्ही मुलाबाळांत राहणारी संसारी माणसं, काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं हाताळतो. आम्हाला या जन्मी हिताचं होईल असं काही सांगा. अंगुत्तर निकायातलं हे सुत्त मला फार जवळचं वाटतं, कारण हा माणूस आपल्यासारखाच आहे. गहाण, मुलांची कॉलेजं, दोन गाड्या. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे कष्टाने आणि कौशल्याने मिळवणं. आरक्खसंपदा म्हणजे मिळवलेलं राखणं. कल्याणमित्तता म्हणजे चांगल्या माणसांची संगत. समजीविता म्हणजे आवक पाहून जावक, ना उधळण ना कवडीचुंबकपणा.

लॉटरीच्या पैशात पहिली गोष्ट नाही. घाम नाही, कसब नाही. म्हणून उरलेल्या तिन्हींवर दुप्पट भार येतो. पगाराचा पैसा माणूस वीस वर्षं थोडा थोडा हाताळतो आणि हाताळता हाताळता शिकतो. हा पैसा शिकवायला वेळच देत नाही.

राखण्याचा अर्थ सुत्तात अगदी व्यवहारी आहे: राजाने नेऊ नये, चोराने नेऊ नये, आगीत जळू नये, पुरात वाहू नये, नको त्या वारसांनी उडवू नये. तेव्हा कुणाला किती सांगायचं हा विचार आरक्खसंपदेतच बसतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण राहतो त्या न्यू जर्सीत २०२० पासून विजेत्याला नाव गुप्त ठेवता येतं. कॅलिफोर्नियात नाव जाहीर होतं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. २०१८ साली न्यू हॅम्पशायरमध्ये सुमारे ५६ कोटी डॉलरची पॉवरबॉल लागलेल्या एका बाईंनी तिकिटाच्या मागे आपलं नाव लिहून सही केली. ट्रस्टच्या नावाने सही केली असती तर नाव झाकता आलं असतं, हे त्यांना नंतर कळलं. त्यांना कोर्टात जावं लागलं. न्यायाधीशांनी नाव गुप्त ठेवू दिलं, गावाचं नाव मात्र नाही. तिकीट हातात असताना पहिला फोन भावाला नाही, वकिलाला करावा, तो यासाठी.

सुत्तातला "राजा" म्हणजे इथे कर खातं. मोठ्या बक्षिसातून केंद्राचा कर म्हणून २४ टक्के आधीच कापतात, आणि माणूस समजतो की संपलं. वरच्या पायरीचा दर ३७ टक्के आहे. उरलेली रक्कम पुढच्या एप्रिलमध्ये भरावी लागते. न्यू जर्सीत दहा हजार डॉलरच्या वरच्या बक्षिसावर राज्याचा करही आहे. म्हणून पहिल्या वर्षी "माझ्याकडे इतके आहेत" असं मनातसुद्धा म्हणू नये. पॉवरबॉलचे पैसे एकरकमी घेता येतात किंवा २९ वर्षांत ३० हप्त्यांनी. हिशेबनीस एकरकमी घ्यायला सांगतील आणि त्यांचं गणित कदाचित बरोबरही असेल. पण ज्याला स्वतःचा हात सैल आहे हे ठाऊक आहे, त्याने हप्ते घ्यावेत असं मला वाटतं. एका वर्षाची चूक पुढच्या वर्षी तरी सुधारता येते.

आता चौथं शील. इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल.

मी या देशात आलो ते दादाने शेत गहाण ठेवून मला इंजिनिअर केलं म्हणून. दोन एकर कोरडवाहू, तेवढंच होतं. इथे चौथ्या वर्षी मला कंपनीकडून चांगला बोनस मिळाला. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. विहिरीचं काम अडलं होतं. आम्ही घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे जमवत होतो. मी म्हणालो, "दादा, यंदा कंपनीने काही दिलं नाही रे." तो म्हणाला, "बरं, जप स्वतःला." पुढे आमच्याच एका नातेवाइकाकडून त्याला घराची आणि बोनसची बातमी कळली. तो एक शब्द बोलला नाही. दोन वर्षं फोनवर फक्त पाऊस विचारायचा, तिकडे बर्फ पडलं का विचारायचा. विहीर त्याने सावकाराकडून पैसे घेऊन पूर्ण केली. नंतर मी पैसे पाठवले, त्याने घेतलेही. पण माझ्याकडे काही मागणं त्याने कायमचं बंद केलं.

पैसे न दिल्याचं दादाला वाईट वाटलं नसेल. घर घेतोय म्हणालो असतो तर तो समजला असता. मी खोटं बोललो, याचं वाटलं. "दादा, पैसे आलेत, पण घरासाठी ठेवलेत, आत्ता जमणार नाही," एवढी दोन वाक्यं मला जड झाली होती.

म्हणून चिठ्ठीतल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: न सांगणं आणि खोटं सांगणं या दोन गोष्टी आहेत, आणि शील दुसरीने मोडतं. अभयराजकुमार सुत्तात भगवंत सांगतात की जे खरं आणि हिताचं आहे, तेही तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. खरं असलेलं सगळं, सगळ्यांना, ताबडतोब सांगा असा नियम नाही. सिगालोवाद सुत्तात तर सुखदुःखात सारख्या राहणाऱ्या मित्राची लक्षणं सांगताना म्हटलं आहे की तो आपलं गुपित मित्राला सांगतो आणि मित्राचं गुपित झाकून ठेवतो. म्हणजे गुपित ही वस्तू धम्मात आहेच, आणि ते सांगण्याजोगा माणूस असणं ही संपत्ती मानली आहे. दुसऱ्या बाजूला राहुलला केलेला उपदेश आहे: थट्टेतही खोटं बोलू नये.

तेव्हा बहिणीने सरळ विचारलं, "तुझ्याकडे पैसे आहेत का?" तर "नाहीत" म्हणू नये. "ताई, पैशाचं मी कुणाशीच बोलत नाही, तुला काय लागतंय ते सांग," असं म्हणता येतं. ते अवघड आहे. कदाचित ती रागावेल. पण त्या रागात पुढे कधी उघडं पडण्यासारखं काही उरत नाही.

एका व्यक्तीपासून मात्र लपवू नये, असं मी ठामपणे म्हणेन: नवरा किंवा बायको. एका घरात दोन वह्या ठेवून समजीविता पाळता येत नाही. मुलांचं वय पाहून ठरवावं. सोळा वर्षांच्या मुलाला आकडा कशाला हवा?

लपवण्याचा दुसरा टोकही आहे, आणि त्याची भीती मला जास्त वाटते. संयुत्त निकायात राजा प्रसेनजित भरदुपारी भगवंतांकडे येतो. श्रावस्तीतला एक सावकार निपुत्रिक मेला, त्याचं धन सरकारजमा करून राजा येत असतो. नुसतं सोनंच ऐंशी लाख, चांदीची गणतीच नाही. आणि तो माणूस खायचा काय? तांदळाच्या कण्या आणि आंबट पेज. अंगावर तागाचं जाडंभरडं, बसायला मोडका रथ, वर पानांचं छप्पर. भगवंत त्याला निर्जन जागी असलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याची उपमा देतात. पाणी स्वच्छ, थंड. पण कुणी पीत नाही, कुणी अंघोळ करत नाही, आणि ते तसंच आटून जातं. भीतीपोटी गुप्तता पाळणारा माणूस हळूहळू तिथे पोचतो. आधी आकडा लपवतो, मग नवे बूट लपवतो, मग विहारात येणंच टाळतो, कारण कुणी काही मागेल.

खर्चाचं काय? सिगालोवादात चार वाटण्या आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथी अडीअडचणीला राखून. त्याआधी मी एक घालीन: कर्ज फेडा. अंगुत्तर निकायात गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत. धन असल्याचं, ते भोगल्याचं, कुणाचं देणं नसल्याचं आणि निर्दोष असल्याचं. तिसरं सुख लॉटरी एका दिवसात देऊ शकते. चौथं नाही. आणि देणं फक्त बँकेचंच असतं का, हेही पाहा. मला तर गहाण पडलेलं ते दोन एकर आठवतं.

दानाबद्दल बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. तो मागितला होता गिरणीत आणि शेतात राबणाऱ्यांकडे. बिनघामाच्या पैशातून विसावाच द्यावा, हे मला पटत नाही. निम्मा दिला तरी जास्त नाही. कुठे द्यावा? बाबासाहेब १९१३ साली इथे न्यूयॉर्कला शिकायला आले ते बडोद्याच्या महिन्याला साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या पैशाचं पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. म्हणून माझा कल शिक्षणाकडे. देणगीदारांच्या फलकावर नाव नको असेल तर तसं सांगून देता येतं.

गावाकडे पाठवताना मात्र घाई नको. अमेरिकन नागरिकाकडून देणगी घ्यायची तर भारतातल्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असावी लागते आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच यावा लागतो. ओळखीच्या कार्यकर्त्याच्या खात्यात मोठी रक्कम टाकली तर अडचणीत तोच येतो. नातेवाइकांना द्यायचं तर भारतात सख्ख्या भावाबहिणीला दिलेल्या भेटीवर कर नाही, पण चुलतभाऊ त्या व्याख्येत बसत नाही. त्याला वर्षभरात पन्नास हजार रुपयांवर मिळाले तर त्याच्या उत्पन्नात धरतात. इथल्या बाजूने २०२५ साली एका माणसाला १९ हजार डॉलरपेक्षा जास्त भेट दिली तर फॉर्म भरावा लागतो. हे सगळं जाणकाराकडून करून घ्या. कल्याणमित्तता म्हणजे फक्त भंतेजींची संगत नाही. फीचा आकडा आधीच सांगणारा हिशेबनीसही त्यात येतो.

चिठ्ठी लिहिणाऱ्यासाठी एवढंच: बोलावंसं वाटलं तर वर्गानंतर खुर्च्या आवरायला मी शेवटपर्यंत थांबतो. नावाची, आकड्याची गरज नाही.

पुढच्या रविवारी अंगुत्तर निकायातलं आदिय सुत्त वाचू, धनाचे पाच उपयोग. येताना घरात दोघांनी मिळून एक कागद भरून आणावा: गेल्या वर्षी आपला पैसा कुठे कुठे गेला. तो कुणाला दाखवायचा नाही. चहाची पाळी यावेळी एडिसनकडच्या मंडळींची आहे.

जय भीम.