मोहरम महिन्याचा अर्थ

2025 साली 6 जुलैला मोहरमची दहावी तारीख होती. तो रविवार होता. सोमवारी शाळेत मैत्रिणींनी मला विचारले, "काल तुमचा सण होता ना? मग नवे कपडे कुठायत?" मला काही सांगताच येईना. मी आपली नुसती हसले. घरी दादीला सांगितले तर ती म्हणाली, "अगं बेटा, हसायचा दिवस नाही तो. दुःखाचा आहे." मला फार वाईट वाटले. मग दादीने व गुरुजींनी जे सांगितले ते मी येथे लिहीत आहे.

चैत्र हा जसा मराठी वर्षाचा पहिला महिना, तसा मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना. हिजरी महिना चंद्र दिसला की सुरू होतो. तो 29 किंवा 30 दिवसांचा असतो. बारा महिन्यांचे मिळून सुमारे 354 दिवस होतात. मराठी वर्षात साधारण तीन वर्षांनी अधिक महिना धरतात. हिजरी वर्षात तो नसतो. म्हणून मोहरम दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. 2024 साली हीच दहावी तारीख 17 जुलैला आली होती.

मोहरम म्हणजे मनाई असलेला, पवित्र महिना. या महिन्यात लढाई करायला मनाई असते. पण इ. स. 680 साली याच महिन्यात करबला येथे फार वाईट घडले. हे गाव आज इराक देशात आहे. पैगंबर महंमद साहेबांचे नातू हुसैन यांनी यझीदला खलिफा मानले नाही. तेव्हा यझीदच्या फौजेने त्यांना वेढले आणि फरात नदीचे पाणी बंद केले. मुलेबाळेसुद्धा तहानेने तळमळली. दहाव्या दिवशी हुसैन व त्यांचे साथीदार शहीद झाले. त्या दिवसाला आशुरा म्हणतात.

त्यांची आठवण म्हणून पुष्कळ गावी ताबूत बसवतात. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. तेथे हिंदू व मुसलमान मिळून ते उभारतात.

त्या दिवशी आमची दादी दारात सरबताची घागर ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही पेला भरून देते. मी विचारले, "सगळ्यांना का गं?" दादी म्हणाली, "तहान काय जात विचारते होय?"

मला एकदम आठवले. शाळेच्या नळावर मी पहिलीच्या एका मुलाला ढकलून आधी पाणी प्याले होते. आता मी लहान मुलांना आधी पिऊ देते. तुम्हीही द्याल ना?